धागा कुठल्या कॅनला

आखातातल्या आमच्या मराठी मंडळाचं नवरात्रातलं जेवण शुक्रवारी दुपारी होतं. ऐंशी माणसांची भाजी वाफ्राच्या शेतांवरून आणायचं काम दरवर्षीप्रमाणे काशिनाथकाकांनी आपणहून घेतलं. इथे गुरुवार-शुक्रवार सुट्टी असते, म्हणून आईने मला आणि माझ्या धाकट्या भावाला, परीक्षितला, त्यांच्या मदतीला पाठवलं. तिसऱ्या मजल्यावरची जुईलीताई घरात कंटाळली होती, तीही आली. तारीख मी लिहून ठेवली आहे. १० ऑक्टोबर २००२.

काका आमच्याच सालमियाच्या इमारतीत तळमजल्यावर एकटे राहतात. काकू आणि मुलगा लातूरला असतात. काकांची गाडी १९८२ची, चॉकलेटी रंगाची, एवढी लांब की पार्किंगमध्ये तिचं नाक नेहमी बाहेर राहतं. मागची डावी काच लाकडाची पाचर ठोकून वर ठेवलेली आहे. पुढचा उजवा दरवाजा फक्त बाहेरून उघडतो. दरवर्षी सरकारी तपासणीच्या आधी काका आठ दिवस तिच्याखाली झोपलेले दिसतात आणि बाबा गॅलरीतून म्हणतात, "काशिनाथराव, आता तिला सोडा." काका खालून म्हणतात, "ती सोडेल तेव्हा."

निघताना आई पूजेचं ताट घेऊन खाली आली. एवढ्या लांब मुलांना घेऊन जाताय, गाडीला धागा बांधते, म्हणाली. काकांनी ताटाला हात जोडले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, कुंकू लावा. धागा नको." आईला ते आवडलं नाही हे मला दिसलं. तेव्हाच मी काकांच्या मनगटाकडे पाहिलं. नवरात्रात मंडळातल्या सगळ्यांच्या हाताला लाल धागा असतो. काकांचा हात मोकळा होता.

डिकीत पाण्याचे दोन पांढरे कॅन होते. एकावर काळ्या रंगाने मोठं "गाडी" लिहिलं होतं. दुसरा कोरा होता. कोरा कॅन काकांनी आमच्यासमोर तीनदा विसळला, घरून उकळून आणलेलं पाणी त्यात भरलं आणि स्वतः एक घोट पिऊन पाहिला. मग झाकण लावलं.

वाफ्राला पालक, मेथी, कोथिंबीर, वांगी घेईपर्यंत अंधार पडला. परत निघालो तेव्हा पावणेसात झाले होते. गाडीत कोथिंबिरीचा वास भरला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळू, आणि मधूनमधून विजेचे उंच मनोरे. काका एका डोळ्याने रस्ता बघत होते आणि एका डोळ्याने तापमानाचा काटा. काटा चढायला लागला तसा त्यांनी एसी बंद केला आणि हीटर पूर्ण सोडला.

"काका, बाहेर पस्तीस डिग्री आहे," जुईलीताई म्हणाली.

"इंजिनाची उष्णता आत घेतली की इंजिन वाचतं. तुम्ही जरा शिजा."

"ही गाडी आहे की प्रेशर कुकर?"

"कुकरला शिट्टी तरी असते," काका म्हणाले. "ही न सांगता जाते."

एका मनोऱ्यापाशी गाडीने दोन गचके दिले आणि ती थांबली. मी घड्याळ पाहिलं. सात वाजून वीस मिनिटं. मनोऱ्याच्या पायावर पांढऱ्या रंगाने १४७ लिहिलं होतं. काकांनी बॉनेट उघडलं, वाफ निघाली. आता अर्धा तास हात लावायचा नाही, म्हणाले. मग ते मागे गेले, डिकीतून कोरा कॅन काढला, मनोऱ्याच्या पायाशी नेऊन वाळूत ठेवला, जरा दाबून नीट बसवला, आणि परत आले.

"काका, ते कोणाला?" मी विचारलं. मी फारशी विचारत नाही. पण त्यांनी गाडीतल्या बाटलीतलं गरम पाणी आम्हाला दिलं होतं आणि चांगलं पाणी वाळूत ठेवलं होतं.

काका पुढच्या सीटवर बसले, दार उघडं ठेवून, पाय बाहेर.

"माझा एक मित्र होता. विश्वास. नाशिकचा. त्याची ही गाडी," ते म्हणाले. "गाडी थंड होईपर्यंत सांगतो. मधे बोलायचं नाही."

"भुताची आहे?" परीक्षितने विचारलं.

"खरी आहे."

१९९६ साली काका मंगफला राहायचे, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. एका खोलीत काका, दुसरीत विश्वास आणि त्याची बायको कुसुम. विश्वास वाफ्राच्या तेलक्षेत्रावर उपकरणं दुरुस्त करायचा. गाडी त्याने तिसऱ्या मालकाकडून घेतली होती आणि ती पहिल्या दिवसापासून तापायची. शुवेखच्या गॅरेजमध्ये अकबर नावाचा मिस्त्री होता. त्याने थर्मोस्टॅटच काढून टाकला, पंखा कायमचा जोडून दिला, तरी तापायची. म्हणून विश्वास कायम दोन कॅन बरोबर ठेवायचा. सारखेच, पांढरे. एकात पिण्याचं पाणी. दुसऱ्यात रेडिएटरसाठी पाणी आणि हिरवं कूलंट मिसळून. दसऱ्याला गाडीची पूजा केली तेव्हा त्याने लाल धागा गाडीला न बांधता त्या दुसऱ्या कॅनच्या मानेला बांधला. म्हणाला, गाडीचा खरा देव हाच.

"म्हणजे धागा असलेला कॅन गाडीचा," जुईलीताई म्हणाली.

"बरोबर. हे लक्षात ठेवा."

"त्या वर्षी चौदा ऑगस्टला बुधवार होता," काका सांगू लागले. "कुसुमला दिवस भरत आले होते. विश्वासला दुपारची ड्यूटी. मी त्याच दिवशी शुऐबाच्या बाजूला डबल ड्यूटीवर, म्हणजे रात्रभर घरी नाही. संध्याकाळी साडेसहाला कुसुमचा फोन वाफ्राच्या ऑफिसात गेला. कळा सुरू झाल्या होत्या. शेजारच्या झुलेखाबाई तिला टॅक्सीने दवाखान्यात नेत होत्या. विश्वास तसाच निघाला. सात वाजून वीस मिनिटांनी गाडी बंद पडली."

"कुठे?" परीक्षितने विचारलं.

काकांनी मनोऱ्याकडे नुसतं पाहिलं.

"तापलेल्या इंजिनात पाणी ओतू नये, हे त्याला माहीत होतं. पण बायको तिकडे एकटी. त्याने चिंधी धरून झाकण सोडलं, हात भाजून घेतला. अंधार होता. हाताने चाचपून धागा असलेला कॅन उचलला आणि सगळा रेडिएटरमध्ये रिकामा केला. तेवढ्यात त्या बाजूने एक माणूस आला. शेळ्या राखणारा. आपल्याकडचाच कुठला तरी, हिंदी बोलत होता. मालकाचा पाण्याचा टँकर दोन दिवस आला नव्हता. ओठ फुटलेले. म्हणाला, भाईसाब, थोड़ा पानी."

इंजिनात काहीतरी टिक टिक वाजत होतं.

"विश्वास चांगला माणूस होता. त्याने घोटभर नाही दिलं. अख्खा कॅन दिला. म्हणाला, मी तर घरीच चाललोय, तूच ठेव. त्या माणसाने तिथेच तोंडाला लावला. थांबलाच नाही. मग श्वास घेतला आणि हसला. म्हणाला, मीठा है, भाईसाब."

जुईलीताईने माझा हात धरला.

"विश्वासला वाटलं, एवढी तहान असली की पाणी गोडच लागणार. तो निघाला. पावणेनऊला दवाखान्यात पोचला. नऊ वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. सगळं व्यवस्थित. दहाच्या सुमाराला तो गाडी बघायला खाली आला. रेडिएटर गळत होता. दिव्याखाली पाणी साठलं होतं. त्याने वाकून बघितलं..."

"काय होतं?"

"काही नव्हतं. स्वच्छ होतं. हिरवं नव्हतं."

काकांनी बॉनेटकडे बघत पुढे सांगितलं.

"त्याने दवाखान्यातून माझ्या ड्यूटीच्या जागी फोन केला. मला वाटलं, आता पेढे मागायचे. मी म्हटलं, काय रे, मुलगा की मुलगी? तो म्हणाला, काशी, सकाळी कॅन तू भरलेस. धागा कुठल्या कॅनला बांधलास?"

काकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"सकाळी कॅन धुताना तो जुना धागा माझ्या हातात निसटून आला होता. आता असं बघा, आमच्या गावाला उन्हाळ्यात टँकर यायचा. घरात आठ घागरी. त्यातल्या पिण्याच्या घागरीला आई धागा बांधायची, म्हणजे कोणी चुकून भांड्यांना घेऊ नये. मला तेच ठाऊक. त्यात हा पूजेचा धागा. त्या हिरव्या विषाला देवाचा धागा कशाला, असंही मनात आलं. मी तो पिण्याच्या कॅनला बांधला. आणि विश्वासला सांगायचं राहिलं. कंपनीची बस आली होती."

"फोनवर काय सांगितलंत?" जुईलीताईने अगदी हळू विचारलं.

"पिण्याच्या, म्हटलं."

"मग?"

"फोन तसाच धरून होतो दोघं."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. त्याच्या दिव्यात मनोऱ्याशी ठेवलेला कॅन क्षणभर चमकला आणि पुन्हा दिसेनासा झाला.

"तुम्ही लगेच गेलात ना?" मी विचारलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "गाडीचं गॅस्केट उडालं होतं. सुरूच होईना. टॅक्सी मिळाली असती. पोलिसांना फोन करता आला असता. पण मी म्हटलं, विश्वास, कूलंट कडू असणार. घोट घेतला की थुंकून टाकेल माणूस. तो म्हणाला, अरे, पण तो गोड म्हणाला. मी म्हटलं, तहानेने म्हणाला असेल. मग तो म्हणाला, हो, तहानेने. असं आम्ही एकमेकांना समजावलं. पोलीस, जबाब, नोकरी, वरती नुकती जन्मलेली पोर. सगळं डोक्यात होतं. कोणी बोललं मात्र नाही. सकाळी गाडी ओढत अकबरकडे नेली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, कूलंट कडवा होता है ना? तो नट सोडवत होता. वर न बघता म्हणाला, नहीं साब, मीठा. गैरेज में बिल्लियाँ पी जाती हैं। दो दिन में मर जाती हैं।"

परीक्षित माझ्या कुशीत सरकला.

"शुक्रवारी गाडी मिळाली तसे आम्ही इथे आलो. त्या टेकाडामागे तंबू होता. शेळ्या बांधलेल्या, ओरडत होत्या. आत एक गादी, चपलांचा जोड. माणूस नाही. कॅन नाही. कोणी त्याला नेलं, कुठे नेलं, जिवंत नेलं का... विचारायचं तर कोणाला? विश्वासने गाडीतला रिकामा कॅन काढला, त्याचा धागा सोडला आणि तो धागा या मनोऱ्याच्या पायाशी हातभर खोल वाळूत पुरला. तेवढंच केलं आम्ही."

"ही भुताची नाही," परीक्षित म्हणाला. "धिस इज जस्ट सॅड."

"चार सप्टेंबर," काका म्हणाले. "पुन्हा बुधवार."

त्यांचा आवाज उतरला.

"नवीन रेडिएटर. नवीन गॅस्केट. विश्वास ड्यूटीवरून येत होता. काटा खाली होता. इथे आला. गाडी बंद. सात वीस. तो खाली उतरला नाही. काचा वर केल्या. दिवे चालू ठेवले. पाच मिनिटं गेली. मग उजव्या काचेवर... टक. नखाने वाजवल्यासारखं. त्याने तिकडे बघितलं नाही. पुन्हा टक. मग आवाज आला. काच बंद असून आवाज अगदी कानाशी."

"काय म्हणाला?"

"भाईसाब... और है?"

आमच्या गाडीची उजवी काच माझ्याच बाजूला होती. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं.

"विश्वास पुढे बघतच म्हणाला, पानी? देता हूँ। तो म्हणाला, पानी नहीं।"

काकांनी बाहेर सोडलेले पाय गाडीत घेतले.

"वो मीठा वाला। प्यास नहीं गई।"

...

"गाडी आपोआप सुरू झाली. त्या महिन्यात तीनदा असं झालं. वर्ष संपायच्या आत विश्वास कुसुमला आणि पोरीला घेऊन नाशिकला गेला. तिथे तो गाडी चालवत नाही. चहात साखर घेत नाही. पोरीच्या वाढदिवसाला केक असतो, हा उठून बाहेर जातो. ती पोर सहा वर्षांची झाली. तिला वाटतं, बाबांना तिचा राग आहे."

"आणि गाडी तुम्ही का घेतलीत?" जुईलीताईने विचारलं. "विकून टाकायची ना. भंगारात द्यायची."

"ज्याला विकेन त्याला इथे थांबावं लागेल. भंगारात दिली तर तिचे भाग दहा गाड्यांत जातील." काका उठले. "तिचं मी सगळं बदललंय. पंप, नळ्या, रेडिएटर तीनदा, गेल्या वर्षी इंजिनसुद्धा. मूळचं काही उरलेलं नाही. तरी इथे येऊन तापते. मग ठरवलं, थांबायचंच आहे तर येताना चांगलं पाणी आणायचं. सहा वर्षं आणतोय. उकळून, स्वतः पिऊन बघून."

"तो घेतो?" परीक्षितने विचारलं.

काकांनी रेडिएटरला हात लावून पाहिला. इंजिन थंड झालं होतं. "गाडी" लिहिलेला कॅन त्यांनी रेडिएटरमध्ये ओतला, रिकामा कॅन डिकीत टाकला. डिकी उघडी असताना मी त्यांच्या मागोमाग जाऊन आत पाहिलं. भाजीच्या चार गोण्या, जॅक, तो एक कॅन. बाकी काही नाही. मनोऱ्याशी कोरा कॅन होता तसाच होता. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. काका एरवीही मागे बघत नाहीत, त्या दिवशी तर मागचं दिसू नये म्हणून त्यांनी आरसाही वर फिरवून ठेवला.

वाटेत पेट्रोल भरायलासुद्धा थांबलो नाही. सालमियात शिरल्यावर दुकानांचे दिवे दिसले, खुबूस रोटीच्या दुकानापुढची रांग दिसली, आणि जुईलीताई एकदम म्हणाली, "काका, तुम्ही घाबरवायला सांगितलंत ना?" काका म्हणाले, "हो गं." ते इतक्या सरळ म्हणाले की मला वाईट वाटलं.

पावणेदहा वाजले होते. जुईलीताई परीक्षितला घेऊन वर गेली. मी गोण्या उतरवायला थांबले. काकांनी डिकी उघडली आणि तसेच उभे राहिले.

मी त्यांच्या हाताखालून पाहिलं.

भाजीच्या चार गोण्या. जॅक. "गाडी" लिहिलेला रिकामा कॅन. आणि त्याच्या शेजारी कोरा कॅन, तोंडापर्यंत भरलेला, झाकण घट्ट. त्याच्या तळाला ओली वाळू चिकटली होती.

"काका," मी म्हटलं.

"दर वेळी," काका म्हणाले. ते माझ्याशी बोलत होते असं वाटलं नाही. "दर वेळी परत करतो."

त्यांनी कॅन उचलायला हात पुढे केला आणि मागे घेतला. एवढं बहुतेक या आधी झालं नव्हतं. पार्किंगच्या ट्यूबलाइटमध्ये मला ते दिसलं. कॅनच्या मानेला धागा बांधलेला होता. लाल, विटून जवळजवळ पांढरा झालेला, वाळूने खरखरीत.

काका तिथेच, बंपरवर बसले. त्यांच्या मोकळ्या मनगटावर त्यांनी दुसरा हात घट्ट धरला होता.

मी एका बोटाने गाठीला हात लावला. धागा सहा वर्षं कोरड्या वाळूत पुरलेला होता. गाठ ओली होती. बोट मागे घेतलं तेव्हा ते पाकात बुडवल्यासारखं चिकटत होतं.